उचलायचा नाही

"वैजू, ह्या फोनात पैसं टाकून ठेव," असं म्हणून आप्पांनी शंभराची नोट माझ्यापुढे सरकवली, तेव्हा मी मेथी निवडत होते. मेथी तशीच राहिली.

नोटेचं कौतुक नव्हतं हो. ती आप्पांच्या हातातून आपणहून सुटली, याचं होतं. माझे सासरे विश्वनाथ शेटे, म्हणजे आमचे आप्पा, संपत आलेल्या साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारा माणूस. पाणी प्यायला उठले तरी पंखा बंद करून जाणार. दसऱ्याला नवी चप्पल घ्या म्हटलं, की जुन्या चपलेत त्यांना अजून दोन दसरे दिसायचे. आणि हा माणूस मला सांगत होता, की त्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये पैसे टाक!

"कुठल्या फोनमध्ये?" मी मुद्दाम विचारलं.

"ह्योच की."

"आप्पा, तो कशाला हवाय आता? नवा घेऊन दिलाय ना तुम्हाला? त्यात सगळं फुकट आहे. दिवसभर बोला."

"कुणाशी बोलू दिवसभर?"

"तेच म्हणते मी. बोलायला कुणी नाही आणि फोन दोन-दोन कशाला?"

"टाक म्हनतोय तर टाक की बाई. हुज्जत किती घालशील?"

ही गोष्ट सहा-सात वर्षांपूर्वीची, आमच्या विट्यातली. त्या थंडीत फोन कंपन्यांनी नवाच नियम काढला होता. आपण फोन करा न करा, नुसते आलेले फोन घ्यायचे असतील तरी महिन्याला पस्तीस रुपये भरा, नाहीतर नंबर बंद. आधी 'आयुष्यभरासाठी' म्हणून विकलेली कार्डं, आणि आयुष्य असं मध्येच संपलं. लोक चिडले. पण चिडून काय होतंय? गल्लीतल्या बायका आपापले फोन घेऊन माझ्याकडे यायला लागल्या, कारण रिचार्जच्या बाबतीत माझा शब्द चालायचा. कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि त्यामुळे आपण वर्षाला तेरा महिन्यांचे पैसे भरतो, हे गल्लीत पहिल्यांदा मी शोधून काढलं. तीन महिन्यांचा घ्या, परवडत असेल तर एकदम वर्षाचा घ्या, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. आमच्या नणंदबाईंच्या फोनला कुठलंसं बटण दाबलं जाऊन एक आरती चिकटली होती. तिचे महिन्याला तीस रुपये कटत होते आणि त्यांना वाटायचं, कंपनीने भक्तिभावाने लावलीय. ती मी काढून दिली. जास्तीची कार्डं तर मी सटासट बंद करायला लावली. आणि माझ्याच घरात, पैशाला पैसा चिकटवून ठेवणारा माणूस एका मेलेल्या फोनवर पैसे उधळायला निघाला होता.

मला राहवेना. भोचकपणा माझ्या रक्तातच आहे, माझी आई म्हणायची, ही पोरगी झाकलेलं पातेलं दिसलं की झाकण काढणारच.

मी पाळत ठेवली. आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं, की एवढी वर्षं डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट मी कधी पाहिलीच नव्हती. आप्पा रात्रीच्या जेवणाला पाटावर येऊन बसायचे, पण लगेच वाढू द्यायचे नाहीत. "थांब जरा," म्हणायचे. मला वाटायचं, औषधाची गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवायचं असेल. त्या संध्याकाळी बघितलं, तर जुना फोन मांडीशी उलटा ठेवलेला. तो एकदा वाजला. एकच रिंग, तीसुद्धा पुरी नाही. आप्पांनी फोन उचलून दोन बटणं दाबली, खिशात टाकला आणि म्हणाले, "हां. वाढ आता."

"कुणाचा होता?"

"कुनाचा न्हाई."

"मग वाजला कसा?"

"फोन हाय, वाजायचाच. आमटी वाढ."

जेवण झाल्यावर हात धुवायला गेले तेव्हा मी फोन बघितला. दोन बटणांनी त्यांनी नंबर पुसून टाकला होता. रोज पुसत असले पाहिजेत, कारण आत एकही नंबर नव्हता. कोरा करकरीत फोन.

दुसऱ्या दिवशी मी भाजीचं पातेलं घेऊन मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. रिंग आली तसा झडप घालून मी फोन उचलला आणि हिरवं बटण दाबणार, तेवढ्यात...

"उचलायचा न्हाई!"

आप्पा माझ्यावर ओरडले. लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती, तोवर कधी आवाज चढवला नव्हता त्यांनी. माझ्या हातातून पळी पडली. रिंग तर केव्हाच थांबली होती.

"अहो, आलेल्या फोनला पैसे पडत नाहीत आप्पा!"

"त्याचं पडत्यात."

"त्याचं म्हणजे कुणाचं?"

आप्पांच्या लक्षात आलं की तोंडातून निसटलं. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि भाकरी कुस्करायला घेतली. 

रात्री मी ह्यांना छेडलं. आमचे हे सूतगिरणीत, आल्यावर थकलेले असतात, पण मी काही सोडत नाही. ते म्हणाले, "अगं, बूथवरची पद्धत असेल ती."

आप्पांचा एसटी स्टँडासमोर एसटीडी बूथ होता, हे मला माहीत होतं. पिवळा बोर्ड अजून माळ्यावर आहे. आमच्या भागातले निम्मे पुरुष सोनं गाळायच्या धंद्यापायी कुठे कोचीन, कुठे कानपूर, कुठे मद्रासला. गलाईवाले म्हणतात त्यांना. मागे राहिलेल्या बायका, म्हातारे आई-बाप रात्री फोनचा दर उतरला की बूथवर रांग लावायचे. तेव्हा बूथला दोन भागीदार होते, आप्पा आणि त्यांचे मित्र जगन्नाथ देवकर. आप्पा दिवसा बसायचे, जगूकाका रात्री. रात्री शटर ओढलं की जगूकाका आमच्या घरी एक रिंग द्यायचे. एक रिंग म्हणजे, शटर पडलं, सगळं ठीक, घरी निघालो. उचलला की मीटर फिरणार, म्हणून उचलायचा नाही. बूथवाल्यांनीच बूथचे पैसे वाचवायची ती युक्ती.

"पण बूथ बंद होऊन पंधरा वर्षं झाली," मी म्हटलं. "आता कुणाचं शटर पडतंय रोज? जगूकाकांचं?"

"छे! ते शक्यच नाही. बोलणं नाही दोघांचं. आणि हे बघ, ते नाव घरात काढू नकोस. आईसुद्धा काढायची नाही."

झालं? झाकण अर्धं उघडून हे घोरायला लागले.

आता मी काय केलं ते सांगते. शंभराची नोट मी पिठाच्या डब्याखाली ठेवली आणि रिचार्ज केलाच नाही. विसरून नव्हे, ठरवून. म्हटलं, जो माणूस तोंड दाखवत नाही, शब्द बोलत नाही, नुसती अर्धी रिंग देतो, त्याचं एवढं काय अडलंय? बघू तरी. बोलायचंच असेल तर शोधत येईल. सगळे म्हणतात, वैजू, तू आगाऊपणा केलास. केला. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

कंपनीने मेसेजवर मेसेज पाठवले, मुदत दिली, परत मुदत दिली. आप्पांना मेसेज वाचायची सवय नव्हती. आणि एका सोमवारी नंबर गेला.

त्या संध्याकाळी आप्पा पाटावर बसले. "थांब जरा," म्हणाले. मी थांबले. भाकरी निवली. मुलांची जेवणं झाली, ह्यांचं झालं. आप्पा फोन उलटा करून बघतात, सुलटा करून बघतात. शेवटी उठले आणि अंगणात जाऊन फोन डोक्यावर धरून उभे राहिले.

"रेंज गेलीया वाटतं," आत येऊन म्हणाले. "मला आज भूक न्हाई."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी ते गच्चीवरसुद्धा जाऊन आले, गुडघे दुखत असताना. परत आले ते धापा टाकत. मी सांगून टाकलं, "आप्पा, रेंज गेली नाहीये. नंबर बंद झालाय. मी पैसे टाकले नाहीत."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि फोन धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

"मी उद्याच्या उद्या परत चालू करून आणते," मी म्हटलं.

"त्याला वाटंल, मी मुद्दाम बंद केला."

"कुणाला? जगूकाकांना?"

आप्पांनी मान हलवली. होय म्हणून.

"अहो मग त्यांना फोन करा की! नवा फोन आहे, फुकट आहे. नंबर माहीत नाही का?"

"पाठ हाय."

"मग?"

"शटर त्याचं. रिंग त्यानं द्यायची. माझं शटर हाय कुठं आता?"

"रिंग नका देऊ, बोला सरळ!"

"बोलायचं न्हाई असं ठरलंय," आप्पा म्हणाले. ते अगदी सहज म्हणाले. ताटाला हात न लावता झोपायला गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, सलग दोन संध्याकाळ उपाशी.

सकाळी उठल्या उठल्या मी मोबाईलचं दुकान गाठलं. दुकानातल्या मुलीने कार्ड बघितलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "काकू, हा नंबर गेला. आता तो दुसऱ्या कुणाला तरी मिळणार." मी विनवण्या केल्या, तावातावाने बोललेसुद्धा. ती तरी काय करणार? घरी येताना वाटेत पहिल्यांदा मला रडू आलं. आप्पांचं जेवण गेलं ते माझ्यामुळे, आणि ज्याने ते परत आलं असतं ती रिंग आता यायला जागाच नव्हती. ठरवलं, आप्पांकडून नंबर काढून घ्यायचा आणि त्या जगूकाकांना मीच फोन करायचा. ठरलंय त्यांच्यात, माझं कुठे ठरलंय?

घरी आले. आप्पा न्हाणीत होते. मी पदर खोचला तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

बघते तर उंबऱ्याबाहेर एक म्हातारा. काळा, उंच, पाठीत वाकलेला, पांढरा सदरा, पांढरी टोपी. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला हार, दुसऱ्या हातात कापडात बांधलेला डबा. डोळे लाल.

"शेट्यांचं घर ह्येच ना?"

"हो. आपण?"

"जगन्नाथ देवकर. सांगोल्यासनं आलो." त्यांनी टोपी काढली. "सूनबाई ना तुम्ही? कवा झालं?"

"काय कधी झालं?"

"आप्पांचं."

मला काहीच कळेना. म्हटलं, "आप्पांची अंघोळ चाललीय."

तर त्या माणसाने हात जोडले. "म्हंजे अजून उचललं न्हाई! देवा, गावलो बाबा येळेत. मला वाटलं, परवाच न्हेलं असंल. फाटंची पैली गाडी धरून आलो बघा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! हार. पांढरे कपडे. आणि डबा. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे-संबंधी पिठलं-भाकरी बांधून आणतात, तो डबा!

"अहो काका, काय बोलताय? आप्पा चांगले आहेत! स्वतःच्या हाताने अंघोळ करतायत!"

ते माझ्याकडे बघत राहिले. दुःखाने सुनेचं डोकं फिरलंय, असं त्यांना वाटलं असावं.

"सूनबाई, मी सोमवारी रिंग दिली. बाई म्हनली, हा क्रमांक अस्तित्वात न्हाई. मंगळवारी दिली, तरी त्येच. धा येळा लावला. आन् तुम्ही मला सांगू नगा, मी मोबाईलच्या धंद्यातच धा वर्सं काढल्यात. मानूस गेला की घरची मानसं पैला त्याचा नंबर बंद करत्यात. विश्या लई चिकट, पन ह्यो नंबर त्यो जित्ता असताना सोडायचा न्हाई. मला ठाव हाय की."

न्हाणीचं दार वाजलं. आप्पा बाहेर आले, कमरेला पंचा, अंगावरून पाणी निथळतंय. "वैजू, कोन आलंय?" म्हणत पुढे आले आणि जागच्या जागी थांबले.

दोघं एकमेकांकडे बघत होते. मी मध्ये उभी. मनात म्हटलं, बोला कुणीतरी, बाबांनो, काहीतरी बोला. एकजण जरी आता तसाच मागे फिरला तर परत कधी समोरासमोर येतील?

आप्पांची नजर हारावर गेली. डब्यावर गेली. पांढऱ्या टोपीवर गेली. त्यांना सगळं कळलं.

"कितीला घेतलास?" आप्पा म्हणाले.

जगूकाकांनी हातातल्या हाराकडे बघितलं. "चाळीस."

"सांगोल्यात?"

"व्हय."

"फसलास. हितं स्टँडावर पंचवीसला देत्यात."

जगूकाका पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता टोपीत तोंड घालून हुंदके द्यायला लागले. आप्पा ओल्या अंगाने त्यांच्या शेजारी बसले. "थंडीचं दार उघडं टाकून बसलायस, आत चल," एवढंच म्हणाले, पण हात त्यांच्या पाठीवर होता.

आत आल्यावर जगूकाकांना राग आला. "नंबर का बंद केलास रं? भांडान बोलन्याचं हुतं आपलं. रिंगचं कुठं हुतं?"

मी तोंड उघडलं, पण आप्पांनी हातानेच मला गप्प केलं. "माझंच ध्यानात ऱ्हायलं न्हाई," म्हणाले.

आप्पांनी हाराचा कागद सोडला. वाया कशाला घालवायचा म्हणून सासूबाईंच्या फोटोला घातला. जगूकाका फोटोसमोर हात जोडून उभे राहिले बराच वेळ. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. त्या वेळी जगूकाकांची बायको, शेवंताकाकू, एकटीच येऊन गेली होती, हे मला तेव्हा आठवलं. दोन्ही बाजूंची खबरबात ह्या दोन बायकाच गुपचूप इकडून तिकडे करायच्या. घरचा जुना फोन काढला तेव्हा आप्पांचा मोबाईल नंबरही सासूबाईंनीच शेवंताकाकूला कळवला होता.

मी चहा ठेवला. भांडणाची कथा मला त्या दोघांकडूनच कळली, एकमेकांचं वाक्य तोडत सांगितलेली. मोबाईल नवे आले तेव्हा जगूकाकांनी बूथच्या काउंटरवर मोबाईलची कार्डं विकायला ठेवली. आप्पा भडकले. रस्त्यानं चालता चालता कोण बोलणार, वेडं का खुळं, म्हणाले. गिऱ्हाइकांसमोर त्यांनी ती कार्डं रस्त्यावर फेकली. जगूकाका म्हणाले, तू असाच अडाणी मरशील. आप्पा म्हणाले, तुझ्याशी परत एक शब्द बोललो तर शेट्यांचं नाव लावणार नाही. जगूकाका बायको घेऊन तिच्या माहेरी सांगोल्याला गेले, तिथे दुकान टाकलं. पहिल्या रात्री शटर ओढलं आणि सवयीने हात फोनकडे गेला.

"आन् मोबाईलनं माझा बूथ खाल्ला," आप्पा म्हणाले.

"माझं बी दुकान त्यानंच खाल्लं की. आता लोक घरात बसून पैसं टाकत्यात. मी झेरॉक्सा काढतोय."

आप्पा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं.

"काय आणलंयस?"

"पिठलं-भाकरी. तुझ्या मयताची."

"आण हिकडं. दोन दिस जेवलो न्हाई."

मी नको नको म्हणत असताना आप्पांनी डबा उघडला. अपशकुन वगैरे त्यांच्या गावीही नव्हता, वाया जाईल हीच काळजी. दोघं एकाच ताटात बसले. आप्पांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट झालंय. शेवंताच्या हाताला काय झालं रं? तिचं पिठलं म्हंजे..."

"मी केलंय."

"का? म्हायेरला गेली व्हय? पन म्हायेर तर तिथंच हाय तिचं."

"न्हाई ती आता," जगूकाका ताटाकडे बघत म्हणाले. "दोन वर्सं झाली. दिवाळीच्या आदल्या दिवशी."

आप्पांचा हात थांबला.

"रिंग तर रोज येत हुती की, जग्या."

"येनारच. रिंगला काय हुतंय? शटर पडलं, म्हनून सांगते ती. घरात काय पडलं ते कुठं सांगते."

"मला कसं कळावं मग?"

"त्या दिवशी मी तोडली न्हवती." जगूकाकांनी आता वर बघितलं. "वाजू दिली. पार वाजून वाजून आपनच बंद पडंस्तवर. म्हटलं, आज तरी उचलशील."

मला वाटलं, आप्पांना आठवत नसेल.

"आठवतंय मला," ते म्हणाले. "हातात धरून बसलो हुतो. मला वाटलं, तुझं बटन अडाकलं."

"उचलायचा की मग!"

"उचलला असता तर तुझं पैसं गेलं असतं रं."

मी पाण्याचा तांब्या घेऊन आत आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. जगूकाकांसाठी का आप्पांसाठी, मला सांगता येणार नाही. परत गेले तेव्हा आप्पा भाकरीचा तुकडा मोडून जगूकाकांच्या पुढ्यात ठेवत होते, आणि ते दोघं ते खारट पिठलं शेवटच्या घासापर्यंत जेवले.

दुपारी मी जगूकाकांचा फोन मागून घेतला. मिनिटाला पैसे कापणारा कुठला तरी जुनाट प्लॅन होता, तो बदलून तीन महिन्यांचा टाकून दिला. डब्याखालची आप्पांची शंभराची नोट कामी आली, वरचे मी घातले. दोघांना समोर बसवून दोनदा समजावलं, "आता दोन्हीकडून फुकट. कितीही बोला. एक पैसा जाणार नाही. कळलं?" दोघांनी शाळेतल्या मुलांसारख्या माना डोलावल्या. आप्पांनी नवा नंबर तोंडी सांगितला. जगूकाकांनी तो एकदाच ऐकून पाठ केला आणि चारची गाडी धरली.

संध्याकाळी आप्पा पाटावर बसले. शेजारी नवा फोन. मी ताट वाढूनच पुढे ठेवलं होतं, पण त्यांनी हात लावला नाही. मीही समोर बसून राहिले.

फोन वाजला.

आप्पांचा हात झटकन गेला आणि काचेवर फिरायला लागला. "बटन कुठंय? वैजू, ह्याला बटन कुठंय?"

"सरकवा आप्पा! हिरवं सरकवा, वर... वर!"

त्यांनी सरकवलं. पलीकडून जगूकाकांचा आवाज घरभर झाला, "आरं, उचललास कशाला, येड्या? शटर पडलं, एवढंच."

"उचलला."

"ठेव, ठेव. पैसं जातील."

"जाऊ देत," आप्पा म्हणाले. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि भिंतीला टेकून बसले. "शेवंताला काय झालं हुतं, जग्या? पैल्यापासनं सांग."

पैसे जात नव्हते. दुपारी दोनदा सांगितलं होतं मी. पण ते तिसऱ्यांदा सांगायला माझं तोंड उघडलं नाही. मी ताटावर झाकण ठेवलं आणि आत गेले.